फेनवे पार्क : बोस्टनच्या मैदानावर अमेरिकन इंग्रजीचा धडा

बोस्टन शहर म्हटले की हार्वर्ड विद्यापीठाची आठवण होते, नाही तर १७७३ साली चहाच्या पेट्या समुद्रात फेकणाऱ्या बंडखोरांची. पर्यटकांच्या बसेसही याच ठिकाणी थांबतात. पण ज्यांची मुलगी, सून किंवा भाचा अमेरिकेत नोकरीला आहे आणि ज्यांना तिथले इंग्रजी शब्द ओळखीचे वाटूनही अर्थ कळत नाही, त्यांनी बोस्टनमधील एक संध्याकाळ फेनवे पार्कसाठी राखून ठेवावी. नाव पार्क असले तरी ही बाग नव्हे. २० एप्रिल १९१२ रोजी सुरू झालेले हे बेसबॉलचे मैदान आहे आणि अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये आज वापरात असलेल्या मैदानांत सर्वांत जुने आहे.

ग्रीन लाइनच्या गाडीने केनमोर स्थानकावर उतरावे. पुढे रस्ता विचारावा लागत नाही. ‘बोस्टन रेड सॉक्स’च्या टोप्या घातलेली माणसे ज्या दिशेने चालली असतील, त्या दिशेने निघायचे. आत शिरताच डावीकडची हिरवी भिंत लक्ष वेधून घेते. ३७ फूट २ इंच उंचीच्या या भिंतीला लोक लाडाने ‘ग्रीन मॉन्स्टर’, म्हणजे हिरवा राक्षस म्हणतात. तिच्यातील धावफलकावर आजही माणसेच हाताने आकडे लावतात. उजवीकडे हिरव्या खुर्च्यांच्या रांगांत एकच लाल खुर्ची आहे. १९४६ साली टेड विल्यम्सने मारलेला ५०२ फुटांचा फटका तिथे जाऊन पडला होता.

आमच्या सोबत मूळची सांगलीची एक संगणक अभियंता आणि तिचे पती होते. मैदानाला इथे ‘बॉलपार्क’ म्हणतात, हे सांगताना दोघांनाही हसू आवरेना.

‘‘नोकरीच्या पहिल्याच महिन्यात वरिष्ठांनी खर्चाचा ‘बॉलपार्क’ आकडा मागितला,’’ ती सांगू लागली. ‘‘मी दोन दिवस खपून पै-पैचा हिशेब केला. अकरा पाने भरली.’’

‘‘आणि मला विचारत होती, बॉलपार्क नावाचे नवे सॉफ्टवेअर निघाले आहे का?’’ पतीने पुस्ती जोडली.

‘‘अहो, पुरे आता!’’

वरिष्ठांना हवा होता फक्त अंदाज. चेंडू मैदानाच्या आवारात कुठेतरी असला म्हणजे झाले, इतपतच. अकरा पाने पाहून त्यांनी कपाळाला हात लावला म्हणे. यात तिचा काय दोष? आपण शाळेत शिकलो ते इंग्रजी ब्रिटिशांचे आणि त्यातील खेळ क्रिकेटचा. ‘गुगली’ किंवा ‘स्टिकी विकेट’ म्हटले तर अमेरिकन माणूस आपल्या तोंडाकडे पाहत राहतो.

सर्वांत जास्त गोंधळ ‘स्ट्राइक’ने होतो. शब्दकोशात याचा अर्थ मारणे, टोला देणे. मैदानावर नेमके उलटे. गोलंदाजाने, म्हणजे ‘पिचर’ने, ६० फूट ६ इंचांवरून टाकलेला चेंडू फलंदाजाच्या बॅटला लागलाच नाही, तर तो ‘स्ट्राइक’. चांगला चेंडू नुसता सोडून दिला, तरीही ‘स्ट्राइक’. असे तीन झाले की तो बाद. म्हणूनच मुलाखतीहून परतलेला मुलगा ‘आय स्ट्रक आउट’ म्हणाला, तर पेढे आणायला धावू नये. त्याला नोकरी मिळालेली नाही. मात्र दहा लाकडी खुंट्या पाडण्याच्या बोलिंग या खेळात पहिल्याच चेंडूत सगळ्या पाडल्या, तर त्यालाही ‘स्ट्राइक’च म्हणतात आणि तिथे ते मोठे यश. आता परदेशी माणसाने करावे तरी काय?

हा शब्द मैदानातून थेट न्यायालयातही गेला आहे. १९९४ साली कॅलिफोर्नियात ‘थ्री स्ट्राइक्स’ कायदा आला. आधी दोन गंभीर गुन्हे नावावर असतील, तर तिसऱ्याला २५ वर्षे ते जन्मठेप. तो तिसरा गुन्हा फारसा मोठा नसला तरी चाले. गोल्फच्या तीन काठ्या चोरणाऱ्या एका जुन्या गुन्हेगाराला हीच शिक्षा झाली आणि २००३ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती ५ विरुद्ध ४ मतांनी कायम केली. तिसरा गुन्हाही साधारणपणे गंभीर किंवा हिंसक असला पाहिजे, अशी दुरुस्ती मतदारांनी २०१२ मध्ये केली. खेळात तीन स्ट्राइकनंतर फलंदाज बाकावर जाऊन बसतो आणि आपली पाळी आली की पुन्हा मैदानात उतरतो, हे घोषणा देणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे.

फलंदाज उभा राहतो त्याच्याजवळ जमिनीत पांढऱ्या रबराची पाचकोनी पाटी बसवलेली असते. ती ‘होम प्लेट’. ‘स्टेप अप टू द प्लेट’चा जेवणाच्या ताटाशी काहीही संबंध नाही, पुढे होऊन जबाबदारी घ्या, असा त्याचा अर्थ. धावणाऱ्याला वाटेतल्या प्रत्येक ‘बेस’ला स्पर्श करावाच लागतो. त्यावरून ‘टच बेस’ म्हणजे उभ्या-उभ्या संपर्क साधणे. अचानक वळून फलंदाजाला चकवणारा चेंडू ‘कर्व्हबॉल’. कार्यालयात अनपेक्षित अडचणीला हेच नाव. कॉलेजातली मुले ‘फर्स्ट बेस’ हा शब्द प्रेमप्रकरणातही वापरतात. त्याची जास्त चौकशी आई-वडिलांनी न केलेली बरी.

घरगुती व्यवहारात उपयोगी पडेल असा शब्द म्हणजे ‘रेन चेक’. पावसाने सामना वाया गेला, तर तिकिटाच्या उरलेल्या तुकड्यावर दुसऱ्या दिवशीचा सामना पाहता येई. ही पद्धत एकोणिसाव्या शतकापासूनची. शेजारच्या बाईंना जेवायला बोलावले आणि त्या ‘रेन चेक’ म्हणाल्या, तर आभाळाकडे पाहू नका. ‘आज नाही, पुन्हा कधीतरी’ असे त्या सांगत आहेत. बरेचदा हा गोड नकारच असतो, तेव्हा त्यांच्यासाठी पुरणाचा घाट घालू नये.

सामना नऊ डावांचा, सहसा अडीच-तीन तासांचा. सातव्या डावाच्या मध्यावर सगळे प्रेक्षक उठून हातपाय ताणतात आणि आठव्यात नील डायमंडचे ‘स्वीट कॅरोलिन’ हे गाणे लागले की आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे सुरात सूर मिसळतात. खाण्यासाठी हॉट डॉगचा मान पहिला. तो मांसाहारी असतो, हे शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावे. त्यांच्यासाठी पॉपकॉर्न आणि चक्क भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगा मिळतात. टरफले पायाशीच टाकतात, कोणी रागावत नाही.

नियमित सामने साधारण एप्रिल ते सप्टेंबर चालतात. तिकिटे आता मोबाइलवर येतात. मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत. सामना नसेल त्या दिवशी सुमारे तासाभराची मार्गदर्शित फेरी घेता येते. हिरव्या भिंतीच्या माथ्यावर २००३ मध्ये खुर्च्या बसवल्या आहेत. तिथून सारे मैदान तळहातासारखे दिसते. एप्रिलमध्ये जाणार असाल तर स्वेटर जवळ ठेवा. बोस्टनला त्या दिवसांतही रात्री हात गारठतात.