लेस्टरचा माल, चेरीतालची गल्ली

जबलपूर स्टेशनावर उतरून रिक्षावाल्याला "चेरीताल" म्हटले की तो भाव सांगतो, पण तळे कुठे आहे असे विचारले की हसतो. चेरीतालमध्ये ताल नाही. बल्देवबाग, राणीताल, दमोह नाका यांच्या मधल्या या दाट वस्तीत घराला घर लागून आहे. किराणा, औषधे, शिकवणीचे वर्ग, शिंप्याचे मशीन, दुधाची डेअरी असे सारे काही आहे, फक्त पाणी तेवढे नळाचे.

जबलपूर हे बावन्न तलावांचे गाव म्हणून ओळखले जाई. हनुमानताल, अधारताल, देवताल, सूपाताल अजून पाणी धरून आहेत, बाकी कित्येक तलाव फक्त पत्त्यात उरले आहेत. जुने लोक तीन तलावांची गोष्ट हटकून सांगतात. गढामंडल्याच्या राणी दुर्गावतीने बांधला तो राणीताल, तिच्या अधारसिंह या मंत्र्याने बांधला तो अधारताल आणि तिच्या दासीने बांधला तो चेरीताल. हिंदीत चेरी म्हणजे दासी. काही जण तिचे नाव रामचेरी सांगतात. राणी २४ जून १५६४ रोजी मोगल सरदार आसफखानाशी लढताना पडली. राणीच्या तलावावर आज क्रीडासंकुल आहे आणि दासीच्या तलावावर वस्ती. एका दासीचे नाव साडेचारशे वर्षे टपालाच्या पत्त्यावर टिकून राहावे, ही गोष्ट राजेरजवाड्यांच्या पुतळ्यांपेक्षा मोठी म्हणायला हवी.

मराठी माणूस इथे नवखा नाही. १७९८ ते १८१७ या काळात जबलपुरावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पुढे रेल्वे आली, १९०४ मध्ये गन कॅरेज फॅक्टरी निघाली, १९५६ मध्ये मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय इथे बसले आणि नोकरीच्या निमित्ताने विदर्भातली, कोकणातली घरे इथली झाली. त्यांच्या मराठीला हिंदीचा वास लागला आहे. गल्लीतली बुंदेली पोरे एकमेकांना "काय बड्डे" अशी हाक मारतात, तेव्हा पुण्याहून आलेला पाहुणा क्षणभर गोंधळतो. त्यातला 'काय' मराठी नव्हे, बुंदेलीच आहे.

अशाच एका मराठी घरात गेल्या डिसेंबरात जे घडले, त्याची चर्चा गल्लीत अजून चालते.

घर दोन खोल्यांचे, वर गच्ची. बाबा गन कॅरेज फॅक्टरीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. आईची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, तरी नजर अधू. एकुलती लेक इंग्लंडमध्ये लेस्टरला नोकरी करते आणि तिचा चार वर्षांचा मुलगा आजीला फक्त बाबांच्या मोबाईलवर दिसतो, तोही बोटाएवढा. आई फोन नाकाशी धरून विचारायची, "हा कोणत्या बाजूला बघतोय गं?"

म्हणून लेकीने २४ नोव्हेंबरला लेस्टरच्या एका दुकानातून दहा इंची टॅबलेट घेतला आणि १० डिसेंबरला मुलाला नवऱ्याजवळ ठेवून ती एकटीच चेरीतालला आली. दुसऱ्या दिवशी आईने पडद्यावर नातू पाहिला. त्याचा पुढचा एक दात अर्धा तुटला होता, हे तिला तेव्हा प्रथम कळले. महिनाभर कुणी सांगितले नाही म्हणून ती लेकीवर रुसली, आणि तरी रोज संध्याकाळी सात वाजता टॅबलेट पुसून, उशीला टेकवून तयार बसू लागली. सात म्हणजे लेस्टरला दुपारचा दीड.

आठव्या दिवशी टॅबलेट चार्ज होईना. वायर एका कोनात वाकवून धरली तर खूण दिसे, सोडली की जाई. दहाव्या दिवशी तो पूर्ण बंद पडला.

बाबांनी कपाटावरून पत्र्याचा डबा काढला. त्यात फॅक्टरीच्या दिवसांपासून जपलेले बारीक पेचकस होते. "खोलून तर पाहू. आत सांधा सुटला असेल."

"बाबा, हात लावू नका हं," लेक म्हणाली.

"अगं, तोफेच्या गाड्याचे पेच घट्ट केलेत या हातांनी."

"तोफ परत करायची नसते. हा परत करायचाय."

त्यावर आई म्हणाली, "परत कशाला? दुरुस्त होत असेल तर इथेच करून घे बेटा. तू गेल्यावर मी काय बघू?"

खरा पेच इथेच होता. टॅबलेट इथे उघडला तर आईचे सात वाजले सावरतील, पण दुकानाकडे मागायला जागा उरणार नाही. तिकडे नेला तर पैसे मिळतील, पण आईसमोर पुन्हा बोटाएवढा नातू. टॅबलेट स्वस्तातला नव्हता. लेकीचे घरभाडे, पाळणाघराची फी आणि विमानाचे तिकीट जमेस धरले तर तीन महिन्यांची बचत त्यात गेली होती.

तिघेही रिक्षाने मढातालला जयंती कॉम्प्लेक्समध्ये गेले. जबलपुरात संगणक, मोबाईल, वायरी, कव्हरे यांतले काहीही हवे असले की पावले तिकडेच वळतात. छोट्या काउंटरमागे भिंग डोळ्याला लावलेला एक तरुण बसला होता. त्याने टॅबलेट हातात घेऊन खालच्या खाचेत टॉर्च मारला. "पोर्ट ढीला है अंकल. दो घंटे में बना दूँगा." मग त्याने डबा उलटा करून पाहिला. "नया है?"

"महिन्याचाही नाही," बाबा म्हणाले.

"तो मत खुलवाइए. एक बार खुल गया तो दुकान वाला यही कहेगा कि हमने बिगाड़ा." त्याने टॅबलेट परत दिला, पैसेही घेतले नाहीत. स्वतःचे गिऱ्हाईक असे परत पाठवणारा कारागीर कुठल्याही शहराची अब्रू राखतो.

संध्याकाळी शेजारचे वकीलकाका आले. हायकोर्टाच्या गावात प्रत्येक गल्लीला एक तरी वकील असतोच. काकांनी इंग्लंडचा कायदा इंटरनेटवर काढला आणि चष्मा कपाळावर ढकलून वाचत बसले. तिथला ग्राहक हक्क कायदा २०१५ चा, १ ऑक्टोबरपासून लागू झालेला. वस्तू सदोष निघाली तर पहिल्या तीस दिवसांत ती नाकारून पूर्ण पैसे परत मागता येतात. तीस दिवस उलटले की दुकानाला आधी दुरुस्तीची किंवा बदलून देण्याची एक संधी द्यावी लागते. जबाबदारी विकणाऱ्याची; त्याला "कंपनीकडे जा" म्हणून हात झटकता येत नाहीत.

लेकीने बोटे मोजली. तीस दिवस २४ डिसेंबरला भरत होते. तिचे परतीचे तिकीट ५ जानेवारीचे.

"गेलेच म्हणायचे," ती म्हणाली.

"थांब," काका म्हणाले. त्यांनी एक ओळ दोनदा वाचली. वस्तू तीस दिवसांत दुकानाच्या टेबलावर पोचली पाहिजे असे कायदा म्हणत नव्हता. ग्राहकाने 'मी ही वस्तू नाकारत आहे' हे दुकानाला त्या मुदतीत स्पष्ट कळवले पाहिजे, एवढेच म्हणत होता. वस्तू मागाहून नेली तरी चालते.

आता कागद हवा. लेकीने बॅगेतून बिल काढले, तर पांढऱ्या कागदावर फिकट राखाडी सावली उरली होती. ही दुकानाची बिले उष्णतेवर छापली जातात. ऊन, प्लॅस्टिकची पिशवी किंवा नुसता काळ लागला तरी अक्षरे पुसली जातात. सुदैवाने खरेदीच्या दिवशी तिने बिलाचा फोटो काढला होता. शिवाय पैसे कार्डाने दिले होते, त्यामुळे बँकेच्या उताऱ्यावर तारीख आणि रक्कम होती. खरेदीचा पुरावा म्हणून तोही चालतो.

काकांनी पुढची अडचण सांगितली. पैसे परत मागायचे तर दोष मुळातला आहे हे दाखवण्याचा भार ग्राहकावर येतो. दुकानदार म्हणेल, भारतातल्या विजेने जळला. बाबांनी लगेच चार्जर उचलला आणि भिंगातून त्यावरची बारीक अक्षरे वाचली, १०० ते २४० व्होल्ट, ५० ते ६० हर्ट्झ. इंग्लंडची वीज २३० व्होल्टची, चेरीतालचीही २३० ची. फरक फक्त पिनेच्या आकाराचा. अमेरिकेहून ११० व्होल्टचा मिक्सर आणून पहिल्याच दिवशी धूर काढणारी घरे जुन्या काळी पुष्कळ होती. इथे तो प्रश्नच नव्हता.

मग बाबांमधला फिटर जागा झाला. त्यांनी पांढऱ्या चादरीवर टॅबलेट ठेवला आणि चारही कडांचे फोटो घ्यायला लावले, म्हणजे पडला-आपटला नाही हे दिसावे. मागचा क्रमांक आणि खोक्यावरचा क्रमांक एका चित्रात घेतला. दुसऱ्या चार्जरनेही चार्ज होत नाही याची चित्रफीत काढली. पेचकसांचा डबा मात्र आईने पुन्हा कपाटावर ठेवून दिला.

२२ डिसेंबरला संध्याकाळी, नेमक्या सातच्या सुमारास, लेकीने दुकानाला ईमेल पाठवला. काकांनी मसुद्यातली पाच वाक्ये खोडून तीन ठेवली. अमुक तारखेला घेतले, अमुक दोष आहे, कायद्याप्रमाणे ही वस्तू नाकारून पूर्ण परतावा मागत आहे. रागाचा एक शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तर आले, वस्तू घेऊन या, दुरुस्त करून देऊ. ही जुनीच युक्ती आहे, आणि ती सीमा मानत नाही. एकदा दुरुस्तीला होकार दिला की नाकारण्याची मुदत तेवढ्यापुरती थांबते आणि आपण वाट बघत बसतो. लेकीने तेच तीन वाक्यांचे पत्र पुन्हा धाडले.

एका भाच्याने कुरियरने पाठवायचे सुचवले. तो नाद सोडलेलाच बरा. लिथियम बॅटरीच्या वस्तूंवर विमानवाहतुकीचे कडक निर्बंध असतात आणि बॅटरी धोकादायक रीतीने बिघडलेली असेल तर ती विमानात मुळीच घेत नाहीत. इथे बॅटरी फुगलेली नव्हती, टॅबलेट गरमही होत नव्हता, तेव्हा तो हातातल्या बॅगेतून नेणेच सोयीचे.

या धामधुमीत काकांनी आपल्याकडचा कायदाही सांगितला. "हे सगळं विलायतेतच असतं असं समजू नका." आपला पहिला ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात बिल न देणे ही अनुचित प्रथा ठरते. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणे, ही सुद्धा. म्हणजे 'एक बार बिका हुआ माल वापस नहीं होगा' ही पाटी सदोष मालाला लागू पडत नाही, ती कितीही मोठ्या अक्षरांत रंगवलेली असो. तक्रार राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते. मुदत दोन वर्षे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. १९१५ या क्रमांकावर फोन करूनही सल्ला मिळतो. जबलपुरात तर डॉ. पी. जी. नाजपांडे यांचा नागरिक उपभोक्ता मार्गदर्शक मंच अशा प्रश्नांवर वर्षानुवर्षे कोर्टाची पायरी चढत आला आहे.

सगळीकडे असेच नियम आहेत असे मात्र नाही. सिंगापुरात २०१२ पासून सदोष मालाचा खास कायदा आहे, त्यात पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष मूळचाच मानतात. जर्मनीत विक्रेत्याची जबाबदारी दोन वर्षांची. अमेरिकेत मात्र बदलून देण्याची सवलत बहुतेक दुकानाच्या मर्जीवर आणि बिलामागच्या बारीक अक्षरांवर चालते. परदेशात राहणाऱ्याने घरी न्यायची वस्तू निघायच्या आदल्या दिवशी न घेता महिनाभर आधी घेऊन तिथेच वापरून पाहावी, हे जयंती कॉम्प्लेक्समधल्या त्या तरुणाचे मत. पण महिनाभर आधी घेतली तर तीस दिवस तिकडेच सरतात, हे वकीलकाकांचे. दोघांचा वाद अजून मिटलेला नाही.

५ जानेवारीला लेक गरीबरथाने मुंबईला निघाली. डब्यात आईने दिलेली खोव्याची जलेबी, हातातल्या बॅगेत कपड्यात गुंडाळलेला टॅबलेट. स्टेशनावर आईने दोनदा विचारले, "पुन्हा कधी?" आणि तिसऱ्यांदा टॅबलेटबद्दल काहीच विचारले नाही.

लेस्टरच्या दुकानात आधी काउंटरवरच्या मुलीने मान हलवली. तीस दिवस होऊन गेले होते. लेकीने २२ डिसेंबरच्या ईमेलची प्रत, बाबांनी घ्यायला लावलेले फोटो आणि बँकेचा उतारा पुढे ठेवला. मॅनेजर आला, चित्रफीत पाहिली, मागची चादर पाहून "हे कुठले?" असे विचारले. अर्ध्या तासाने परतावा मान्य झाला. एकदा मान्य केल्यावर चौदा दिवसांत पैसे द्यावे लागतात. नवव्या दिवशी ते खात्यात आले. दुकानापर्यंतचे बसभाडे तिचे तिलाच पडले, कारण घेतलेल्या दुकानात स्वतः नेऊन देण्याचा खर्च तिथला कायदा धरत नाही.

ते पैसे तिने बाबांच्या खात्यावर पाठवले. बाबा आणि आई पुन्हा जयंती कॉम्प्लेक्समध्ये गेले. या खेपेला बाबांनी तासभर घालवला. टॅबलेट दुकानातच चालू करून पाहिला, वायर चारही बाजूंना हलवून पाहिली आणि दुकानदाराने "बिना बिल के थोड़ा कम लग जाएगा" म्हणताच "पक्का बिल" एवढेच उत्तर दिले. घरी येऊन त्या बिलाची झेरॉक्स काढली. मूळ बिल घरपट्टीच्या पावत्यांबरोबर पत्र्याच्या डब्यात गेले, पेचकसांच्या वर.

त्या संध्याकाळी सात वाजता नातू दहा इंची पडद्यावर आला. तुटका दात पडून गेला होता. आईने चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "थांब रे, जरा डावीकडे बघ."