दोनांतलं एक वर्ष

केशोरीत जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात कोणालाच उसंत नसते. पऱ्हे तयार असतात, बांध्यांत चिखल झालेला असतो आणि रोवणीला बाया मिळाव्यात म्हणून शेजारच्या गावांपर्यंत निरोप जातात. 2013 मध्ये नेमक्या त्याच दिवसांत पॉलिटेक्निकच्या प्रवेशाच्या याद्या लागत होत्या. हातात पैसा नसण्याचाही हाच काळ. उन्हाळ्यात आलेला मिरचीचा पैसा खतात आणि मजुरीत गेलेला, धानाचा पैसा दिवाळीनंतरचा. अशा वेळी मी बाबांना सांगितलं की मला डिप्लोम्याचं पहिलं वर्ष करावं लागणार नाही, बारावीच्या जोरावर सरळ दुसऱ्या वर्षाला बसता येतं. एका वर्षाची फी आणि खोलीभाडं वाचणार होतं. बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून तोंड पुसलं आणि विचारलं, "मंग पयल्या वर्षाचं कोन शिकवन तुले?"

अख्ख्या प्रवेशप्रक्रियेत हा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला नाही.

मी अकरावी-बारावी एमसीव्हीसीतून केली. कागदावरचं नाव किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी हे अभ्यासक्रम राज्यात कनिष्ठ महाविद्यालयांना जोडले गेले. भाषा दोन, एक सामान्य पायाभूत विषय, आणि बाकी सगळा भर आपापल्या व्यवसायावर. आमचा वर्ग विजेच्या कामाचा होता. गावाकडे या तुकडीकडे कमी गुणांच्या पोरांची तुकडी म्हणून पाहत. नातेवाईक "सायन्स नाही मिळालं का?" असं विचारत आणि आई विषय बदलत असे. मला दहावीला विज्ञान शाखेपुरते गुण होते. पण विज्ञान घेतलं की शिकवणी आली, शिकवणी म्हणजे अर्जुनी किंवा त्याच्याही पलीकडे रोज जाणं आलं, आणि तेवढं करून पुढे कुठे जायचं हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. आमच्या व्यवसाय विषयाच्या सरांनी मात्र पहिल्याच आठवड्यात फळ्यावर एक रेघ ओढून दाखवली होती: इथून बारावी, बारावीतून डिप्लोम्याचं दुसरं वर्ष, डिप्लोम्यातून इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. "तुम्ही इथे जे कराल ते पुढे मोजलं जाईल," एवढंच ते म्हणाले. मी ती रेघ वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतली.

या अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण असे. माझं झालं एका मोटार रिवायंडिंगच्या दुकानात. उन्हाळी धान उभं असताना आमच्या भागात मोटारी जळतात. तीनपैकी एक फेज जातो, शेतकरी घरी झोपलेला असतो, मोटार दोन फेजवर कण्हत राहते आणि सकाळपर्यंत जळून जाते. बैलगाडीवर, मोटारसायकलवर, कधी दोघांच्या मध्ये पोत्यात घालून लोक ती दुकानात आणत. पाणी तुटलं की धान चार दिवस थांबत नाही, त्यामुळे प्रत्येकाला आपली मोटार आजच हवी असे.

दुकानाच्या भाऊंनी मला पहिल्यांदा फक्त बघायला बसवलं. मोटार खोलली की ते आधी तारेकडे बघत. स्टार जोडणीच्या मोटारीत दोन फेजची वेटोळी काळी पडलेली आणि तिसऱ्याची तांब्यासारखी लखलखीत असली, की एक फेज गेला होता हे सांगायला मीटर लागत नाही. सगळीच एकसारखी काळवंडली असली तर मोटारीवर भार जास्त पडला होता किंवा पंप जाम झाला होता. मग जुनी तार काढायची. पण काढण्याआधी सगळं मोजायचं: गाळे किती, एका वेटोळ्यात वेढे किती, वेटोळं कोणत्या गाळ्यातून निघून कोणत्या गाळ्यात उतरतं, आणि तारेचा वरचा लेप जाळून मायक्रोमीटरवर तिची जाडी. मी छिन्नी उचलली की भाऊ म्हणत, "मोजल्याशिवाय कापू नको बाई. कापल्यावर कोनाले इचारशील?"

गाळे साफ करून त्यात लेदरॉइडचा कागद बसवायचा, साच्यावर वेटोळी गुंडाळायची, एकेक तार बोटांनी दाबत गाळ्यात उतरवायची, आणि वरून बांबूची पट्टी ठोकून गाळा बंद करायचा. बांबूच्या पट्ट्या तासायचं काम लवकरच माझ्याकडे आलं. पट्टी जाड झाली तर कागद फाटतो, बारीक झाली तर मोटार फिरताना सुटते. मग मेगर लावून तार आणि लोखंड यांच्यामध्ये वीज कुठे गळत नाही ना हे पाहायचं, व्हार्निश ओतायचं आणि मोटार उन्हात ठेवायची. पोरगी मोटार भरते हे बघायला सुरुवातीला लोक थांबायचे. पुढे पुढे थांबत ते मोटार कधी होणार हे विचारायलाच.

बारावीचा निकाल लागला. प्रवेशासाठी मी ज्या सुविधा केंद्रावर गेले, तिथल्या खिडकीवर सांगण्यात आलं की थेट दुसरं वर्ष विज्ञानवाल्यांसाठी आणि आयटीआयवाल्यांसाठी असतं, एमसीव्हीसीसाठी नसतं. नियमात बारावी विज्ञान, बारावी व्यवसाय अभ्यासक्रम आणि दहावीनंतरचा दोन वर्षांचा आयटीआय, असे तिन्ही होते. सरांनी माहितीपुस्तिकेतलं ते पान झेरॉक्स करून दिलं होतं म्हणून मी ते पुढे केलं. माझ्या मागे रांगेत उभी असलेली दुसऱ्या कॉलेजची एक मुलगी तोवर निघून गेली होती. तिच्याजवळ ते पान नव्हतं. तिचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही, पण दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत ती मला आठवते.

ब्रह्मपुरीचं शासकीय तंत्रनिकेतन मिळालं. अर्जुनीहून गोंदिया-बल्लारशा मार्गाची गाडी, वडसा सोडलं की वैनगंगेचा पूल, आणि पुलापलीकडे ब्रह्मपुरी. घरापासून इतकं जवळ की धानकापणीला दोन दिवस येता येई, आणि इतकं दूर की रोज ये-जा जमत नसे.

बाबांच्या प्रश्नाचं उत्तर तिथे पहिल्याच आठवड्यात मिळालं. तिसऱ्या सत्राला अप्लाइड मॅथेमॅटिक्स होतं आणि सर इंटिग्रेशनपासून सुरू झाले. वर्गातल्या बाकीच्यांनी पहिल्या वर्षात दोन सत्रं गणित केलेलं. मी गणिताला शेवटचा हात लावला होता दहावीत, कारण आमच्या अभ्यासक्रमात गणित नव्हतंच. आयटीआयहून आलेल्या दोन मुलांचीही तीच गत. नियमाने आमचं पहिलं वर्ष पूर्ण माफ केलं होतं, पण माफ झालेल्या वर्षातलं गणित दुसऱ्या वर्षात वसूल होत होतं. आम्ही तिघं आणि बारावी विज्ञानाचा एक मुलगा रात्री मेसच्या टेबलावर बसायचो. तो आम्हाला डेरिव्हेटिव्ह शिकवायचा आणि त्याला ज्या प्रॅक्टिकलमध्ये हात थरथरायचा तिथे आम्ही उभे राहायचो. तिसऱ्या सत्रात मी गणितात जेमतेम निघाले.

पाचव्या सत्रात एसी मशिन आलं. पुस्तकात वाइंडिंगचा आराखडा काढायचा होता: 24 गाळे, 2 पोल, 3 फेज, म्हणजे दर पोलला दर फेजच्या वाट्याला 4 गाळे. वर्ग बाणांच्या जंजाळात अडकला होता. मी तो आराखडा गाळ्यांना आकडे देत एका दमात काढला, कारण तो मला बोटांनी माहीत होता. पण आजवर जे मी बोटांनी करत होते त्याचं कारण त्या दिवशी कळलं: वेटोळी तशीच का टाकायची, एक गाळा आखूड घेतला तर काय साधतं, दोन फेजवर चालणाऱ्या मोटारीत प्रवाह नेमका किती वाढतो. त्या संध्याकाळी मी भाऊंना फोन करून सांगितलं. "म्हंजे आमी बराबरच करत होतो," ते म्हणाले, आणि किती तरी वेळ बोलत राहिले.

आता हिशेब. दहावीनंतर सरळ डिप्लोम्याला गेले असते तर तीन वर्षं लागली असती. मला अकरावी-बारावीची दोन आणि डिप्लोम्याची दोन, अशी चार लागली. म्हणजे अकरावी-बारावीच्या दोनांतलं एक वर्ष मोजलं गेलं, एक गेलं नाही. तरी मी तोच रस्ता पुन्हा घेईन. पंधरा वर्षांच्या मुलीला वसतिगृहात ठेवायची आमच्या घरची तयारी नव्हती, ऐपतही नव्हती. सतरा-अठराव्या वर्षी, हातात कसब आणि बारावीचं प्रमाणपत्र असताना, ती झाली. मोजलेलं ते एक वर्ष नसतं, तर बारावीनंतर आणखी तीन वर्षं शिकवा असं बाबांना म्हणायची हिंमत मला झाली नसती.

मी आज आयटीआयत शिल्पनिदेशक आहे. माझ्यासमोर दहावीनंतर आलेली मुलं बसतात, आणि त्यांना मी तीच रेघ ओढून दाखवते. आता या रेघेला मोठी नावं आली आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर 2021 मध्ये श्रेयांकांची पेढी आली, 2023 मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला. शिकण्याचे 30 तास म्हणजे 1 श्रेयांक, वर्षाला 40 श्रेयांक म्हणजे 1200 तास, आणि त्यात फक्त वर्गातले नाही तर कार्यशाळेतले, कामावरचे तासही धरायचे. बारावीला चौथा स्तर, पदवीच्या पहिल्या वर्षाला साडेचारावा. हा आराखडा वाचला तेव्हा मला रिवायंडिंगचं दुकान आठवलं. तिथल्या दुपारी कोणी तरी तासांत धरल्या, ही गोष्ट मला मनापासून पटते.

माझी भाची अकरावीला आहे. शाळेत तिचा अपार क्रमांक, म्हणजे श्रेयांकांच्या खात्याशी जोडलेला ओळख क्रमांक, काढला. "मावशी, यात आत्ता काही जमा होते का, की कॉलेजात गेल्यावरच?" असं तिने विचारलं. मी तिला खरं ते सांगितलं: खातं उघडणं आणि समोरच्या कॉलेजाने त्यातलं मान्य करणं, या दोन गोष्टी आहेत. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने 1985 मध्येच कायदा करून अकरावी-बारावीच्या मुलांना कॉलेजचे विषय घ्यायची वाट उघडली. मुलगा शाळेतच असतो, तरी कॉलेजच्या वर्गात बसतो आणि एकाच विषयाचे श्रेयांक दोन्हीकडे धरले जातात. शिकवलं कोणी आणि मोजायचं कोणी याचा वाद आधीच मिटवलेला असतो. आमच्याकडे एमसीव्हीसीने आणि आयटीआयने हे वर्षाच्या मापाने केलं, विषयाच्या मापाने नाही. म्हणून सबंध वर्ष माफ होतं आणि गणित राहून जातं. विषयागणिक मोजलं असतं तर माझं विजेचं काम पुरतं मोजलं गेलं असतं, आणि गणिताचे तेवढे श्रेयांक मला ब्रह्मपुरीत आधी कमवायला लावले असते. मला ते हवं होतं.

तोवर माझ्यापुरती सोय मी केली आहे. आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांमध्ये ज्यांना डिप्लोम्याला जायचं आहे त्यांना परीक्षा झाली की थांबवून घेते. लॉगरिदमपासून सुरू करायचं, त्रिकोणमिती, मग डेरिव्हेटिव्ह, आणि प्रवेशाची यादी लागेपर्यंत इंटिग्रेशनच्या दाराशी पोहोचायचं. मेसच्या टेबलावरची माझी वही अजून आहे, तिचीच झेरॉक्स सगळ्यांना देते. त्याबरोबर माहितीपुस्तिकेतलं पात्रतेचं पानही देते, दोन प्रतींत: एक स्वतःसाठी, एक रांगेत मागे उभ्या असलेल्यासाठी. यंदा चार जण बसतात, त्यातल्या दोन मुली. एकीचं घर गोठणगावच्या बाजूला आहे आणि तिची शेवटची बस लवकर जाते, म्हणून तास दुपारी दोनला ठेवला आहे.