बोलायची गरज नाही

गेल्या वर्षी पावसाळ्याआधी गावच्या घराची कौलं उतरवायची होती, म्हणून माळा रिकामा केला. दाभोळ खाडीच्या काठचं आमचं गाव. अशा घरांच्या माळ्यावर जे निघतं तेच निघालं: पितळी हंडे, मोडका पाळणा आणि अब्बांनी आखातातून आणलेल्या वस्तूंची रिकामी खोकी. वस्तू मोडून गेल्या तरी अम्मी खोकं टाकू देत नसे. दोन खोकी मात्र जड लागली. मोठ्यात कमोडोर ६४ हा कॉम्प्युटर होता. लहान खोक्यात त्याचा मोडेम होता. तो मी आयुष्यात एकदाच बाहेर काढलेला पाहिला होता, १९८७ साली.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरातलं कुणी त्या काळात आखातात होतं, त्यांना फोनचा प्रकार वेगळा सांगायला नको. गावात फोन एकच, सरपंचांच्या घरी. अब्बा बहारीनला जहाजदुरुस्तीच्या गोदीत इलेक्ट्रिशियन होते. येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती निरोप यायचा, अमुक जुम्म्याला असर नंतर फोन करतो. आम्ही सगळे आंघोळी करून, चांगले कपडे घालून सरपंचांच्या ओटीवर बसायचो. घंटी वाजली की आधी अम्मी, मग आपा, शेवटी मी.

मी लहानपणी अडखळत बोलायचो. आजही बोलतो, पण तेव्हा फार. 'अब्बा' या शब्दाचा 'अ'च निघायचा नाही. रिसिव्हर हातात, ओटीवर पंधरा माणसं बघतायत, तिकडून अब्बा म्हणतायत, "बोल बेटा, बोल," आणि माझ्या घशात काहीतरी अडकलेलं. अम्मी माझ्या हातून रिसिव्हर काढून घ्यायची. तिचाही इलाज नव्हता. प्रत्येक मिनिटाचे दिनार जात होते. परतताना आपा माझा हात धरून चालायची आणि आम्ही त्याबद्दल काहीच बोलायचो नाही. कॅसेटवर आवाज भरून पाठवायची पद्धत होती, त्यातही मी नसे. आमच्या घरातून गेलेल्या कॅसेटमध्ये बकरीचा आवाज सापडेल, माझा सापडणार नाही.

१९८७च्या सुट्टीत अब्बांनी कॉम्प्युटर आणला. तो टीव्हीला जोडायचा. खेळ कॅसेटवरून चढायचे, तेही पाच-दहा मिनिटं वाट पाहून. मी बारा वर्षांचा होतो, मला आणखी काय हवं होतं? दुसऱ्या दिवशी अब्बा तो लहान डबा घेऊन सरपंचांच्या घरी गेले आणि अर्ध्या तासात परत आले. म्हणाले, "जमत नाही." डबा खोक्यात गेला, खोकं माळ्यावर. मला वाटलं, त्यांच्या नोकरीतलं काहीतरी असेल. मी विचारलं नाही. विचारणं मला जड जायचं.

माळ्यावरून काढलेलं सगळं मी कौशाला माझ्या घरी आणलं. पहिलं काम केलं ते म्हणजे जुना पॉवर सप्लाय बाजूला ठेवला. कमोडोर ६४च्या त्या काळ्या ठोकळ्यातला ५ व्होल्टचा रेग्युलेटर म्हातारा झाला की जास्त व्होल्टेज सोडतो आणि मेमरीच्या चिप जळतात. कुणाच्या माळ्यावर असं मशीन असेल तर उत्साहाच्या भरात जुन्या ठोकळ्यावर चालू करू नका. मी नवा सप्लाय मागवला. टीव्हीवर निळा पडदा आला, ३८९११ बाइट्स मोकळे असल्याची ओळ आली आणि कर्सर लुकलुकायला लागला. अब्बा गेल्याला बरीच वर्षं झाली. त्यांनी आणलेलं यंत्र अजून "रेडी" म्हणत होतं.

मग मोडेमकडे वळलो. त्याला अंगची अक्कल फारशी नाही. नंबर तो फिरवत नाही, फोन तो उचलत नाही. कॉम्प्युटरच्या मागे यूजर पोर्ट नावाची फट असते, तिच्यात तो बसतो. आपण हाताने फोन लावायचा. पलीकडच्या मोडेमची शिटी ऐकू आली की रिसिव्हरची गुंडाळी वायर रिसिव्हरमधून उपसायची आणि मोडेममध्ये खुपसायची. म्हणजे रिसिव्हरच्या जागी मोडेम. आता तो ऐकणार आणि तोच बोलणार.

इथेच मला कळलं की सरपंचांच्या घरी काय झालं असेल. तो जुना काळा फोन. त्याच्या रिसिव्हरची वायर आतच स्क्रूने बसवलेली, उपसायची सोयच नाही. ती काढायची तर फोन खोलावा लागणार. गावातला एकमेव फोन खोलायला कोण देईल? मीही दिला नसता.

मोडेमची पुस्तिका खोक्याच्या तळाशी होती. ती उघडल्यावर एक चार घड्यांचा कागद पडला. शाळेच्या वहीचं दुरेघी पान. अब्बा उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. मी मराठी शाळेत होतो, म्हणून मला लिहायचं तर ते देवनागरीत, मोठ्या सुट्या अक्षरांत लिहायचे. पानावर एवढंच होतं:

१. फोन लाव.
२. शिटी आली की वायर काढ.
३. डब्यात लाव.
४. आता टाईप कर. बोलायची गरज नाही. सावकाश कर. मी थांबतो.

खाली एक ओळ होती: इथल्या एका साहेबाकडे असाच कॉम्प्युटर आहे, जुम्म्याच्या सुट्टीत तो वापरू देणार आहे, मोडेमही त्यानेच दिला.

मी तो कागद परत घडी करून पुस्तिकेत ठेवला. त्या रात्री मशीनला हात लावला नाही.

आज जुन्या कॉम्प्युटरचा नाद असलेले लोक वायफायचा छोटा बोर्ड यूजर पोर्टला लावतात. तो स्वतःला मोडेम म्हणवतो आणि फोन नंबरऐवजी इंटरनेटवरच्या पत्त्याला 'फोन' लावतो. पोर्ट शाबूत आहे का हे बघायला मीही आधी तेच केलं. अमेरिकेत असे बुलेटिन बोर्ड १९७८ पासून आहेत. वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सूस यांनी शिकागोत पहिला सुरू केला, तोही हिमवादळात घरी अडकून पडल्यामुळे सुचलेला. १९८५ मध्ये खास कमोडोरवाल्यांसाठी क्वांटम लिंक ही सेवा आली, तिचीच पुढे एओएल झाली. आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ला. अब्बा आठ वर्षं आधीच डबा घेऊन सरपंचांच्या ओटीवर उभे होते.

वायफायवर सगळं चाललं. पण मला त्या डब्यातूनच बोलायचं होतं.

त्यासाठी पलीकडे कुणीतरी हवं. आपा रत्नागिरीला असते. तिच्या घरी आणि माझ्या घरी फायबरच्या डब्याला फोन लावायची सोय आहे. बटणांचा फोन मी विकत आणला, त्याच्या रिसिव्हरची वायर दोन्ही टोकांना निघते. भाच्याने लॅपटॉपला लावायचा जुना यूएसबी मोडेम कुठूनतरी पैदा केला आणि तो आपोआप फोन उचलेल असं केलं. मी बेसिकमध्ये सात ओळींचा प्रोग्राम लिहिला: पोर्ट उघड, आलेलं अक्षर पडद्यावर दाखव, दाबलेलं अक्षर पलीकडे पाठव, पुन्हा पहिल्यापासून. पहिल्यांदा तोही फसला. कमोडोरवर हा पोर्ट उघडताच आधीची सगळी व्हेरिएबल्स पुसली जातात, त्यामुळे उघडण्याची ओळ सर्वांत आधी लिहावी लागते.

मग फोन. शिटी आली, मी वायर काढली, डब्यात लावली. काहीच नाही. तीन वेळा तेच. चौथ्यांदा भाचा म्हणाला, "मामू, दोघांची भाषा वेगळी आहे." खरंच तसं होतं. ३०० बिट्सच्या वेगाला दोन पद्धती होत्या, अमेरिकेची बेल १०३ आणि बाकी जगाची व्ही २१. दोन्हींचे सूर वेगळे. आमचा डबा अमेरिकी आणि भाच्याचा मोडेम दुसऱ्या पद्धतीत शिटी मारत होता. एक कमांड देऊन त्याला बेलवर आणलं.

या बेलच्या रिवाजाबद्दल थोडं सांगायला हवं. फोन लावणारा १ सांगायला १२७० हर्ट्झचा सूर काढतो आणि ० सांगायला १०७०चा. फोन घेणारा २२२५ आणि २०२५चा. दोघांचे सूर वेगळे, म्हणून दोघे एकाच वेळी बोलले तरी कुणाचं बोलणं तुटत नाही. आणि सांगायला काहीच नसेल तेव्हा? तेव्हा १ चा सूर चालूच राहतो. गप्प बसलेला मोडेमसुद्धा "मी आहे" म्हणत असतो. तो सूर बंद पडला तरच पलीकडचा समजतो की माणूस गेला. सरपंचांच्या ओटीवर मी गप्प राहायचो तेव्हा अब्बांना नुसती लाईनची खरखर ऐकू येत असेल. मी आहे की गेलो, हे त्यांना कसं कळणार?

पाचव्यांदा जुळलं. निळ्या पडद्यावर हळूहळू चिन्हं उमटायला लागली. अक्षरं नव्हती, भलत्याच रेषा, मध्ये इस्पिक, मग बदाम, शेवटी पुन्हा इस्पिक. मोबाईलवर भाच्याला म्हटलं, "आपा पत्ते पाठवतेय." मागून आपा ओरडली, "तौबा! मी विचारलं, जेवलास का!" दोष तिचा नव्हता. कमोडोरचा अक्षरांचा तक्ता बाकी जगापेक्षा वेगळा आहे. पलीकडून लहान लिपीतली रोमन अक्षरं आली की तो चिन्हं दाखवतो, 'ए'चा इस्पिक आणि 'एस'चा बदाम. मोठ्या लिपीत लिहायला सांगितलं.

जेवलास का.

आता नीट वाचता आलं. सेकंदाला तीस अक्षरं या डब्यातून जाऊ शकतात, पण आपा एका बोटाने लिहिते, त्यामुळे एकेक अक्षर सावकाश येत होतं. मी लिहिलं, हो, तू? तिने लिहिलं, डाळ खिचडी. मग मी लिहिलं की अब्बांची चिठ्ठी सापडली, पुस्तिकेत होती.

बराच वेळ काही आलं नाही. मग ओळ आली: ठाऊक आहे. पान माझ्याच वहीचं. शुद्धलेखन मी तपासलं होतं.

मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस?

तिने लिहिलं: अब्बा म्हणाले जमलं नाही तर सांगू नको. पोराला वाटेल त्याच्या बोलण्यापायी पैसे गेले.

आम्ही चाळीस मिनिटं लिहीत होतो. मध्येच लाईन बिघडून एखादं भलतंच चिन्ह यायचं आणि आपा विचारायची, हे काय रे लिहिलंस. ओटीवरून परतताना जे कधी बोललो नव्हतो, त्यातलं बरंचसं तेव्हा लिहून झालं. मगरिबची वेळ झाली तेव्हा मी वायर डब्यातून काढून रिसिव्हरला लावली. पलीकडून अजून शिटी येत होती. ती काही क्षणांत थांबली.

थोड्या वेळाने आपाने साधा फोन केला. मी "आ" वरच अडकलो. एरवी असं झालं की मी लाल बटण दाबतो आणि मग मेसेज करतो, रेंज नव्हती म्हणून. घरातल्या सगळ्यांना हे माहीत आहे, कुणी बोलत नाही. या वेळी बटण दाबलं नाही. आपा पण काही बोलली नाही, थांबली. मग शब्द निघाला.