दोन गोळ्यांचा हिशेब
(द्वितीय वर्ष, कला)

"वार्षिक अंकासाठी काहीतरी लिहून द्या," असे मराठीच्या बाईंनी वर्गात सांगितले तेव्हा मी पावसावर लिहायचे ठरवले होते. इर्शाळगडावर उतरणारे ढग, भरून आलेली खाचरे, केळवली स्टेशनावर छत्री उलटी होऊन भिजणारी माणसे. मजकूर डोक्यात तयार होता. पण वही उघडली आणि पेन पुढे जाईना. डोळ्यांसमोर पाऊस येण्याऐवजी एक औषधाची पट्टी येत राहिली, आणि तिच्यातल्या दोन रिकाम्या खळग्या. तेव्हा वाटले, आधी हे लिहून टाकावे. पाऊस काय, दरवर्षी येतो.

आमचे गाव कर्जत–खोपोली रेल्वेमार्गावर, खालापूर तालुक्यात. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबा ट्रकवर ड्रायव्हर. आई कर्जतकडच्या एका फार्महाउसवर स्वयंपाकाला जाते. आणि धाकटा भाऊ बाळू, आता दहा वर्षांचा. बाळूला गावात सगळे 'वांड' म्हणायचे. शाळेत तो बाकावर टिकत नसे. अर्धे गणित सोडवून उठायचा, दुसऱ्याच्या वहीत डोकावायचा, दप्तर कुठे टाकले ते विसरायचा. एकदा धावत्या टेम्पोसमोर आला आणि थोडक्यात वाचला. आजीने नजर उतरवली, आईने उपास धरले, बाबांनी दोनदा पट्ट्याने मारले. मारल्यावर बाळू रडत म्हणाला होता, "मी थांबतो बाबा, पण ते थांबत नाय." 'ते' म्हणजे काय, हे आम्हांला कुणालाच कळले नव्हते.

ते कळले मुंबईत. शाळेतल्या बाईंनीच आग्रह केला म्हणून आई आणि मी त्याला मुंबईच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात नेले. तीन-चार खेपा झाल्या. डॉक्टरीणबाईंनी त्याच्याशी गप्पा मारल्या, शाळेचा अहवाल मागवला, आम्हांला ढीगभर प्रश्न विचारले. शेवटी म्हणाल्या, "हा वाईट मुलगा नाही. ह्याला अतिचंचलतेचा आजार आहे. एडीएचडी म्हणतात." आईला वागणुकीचे उपाय शिकवले आणि त्याबरोबर एक औषध लिहून दिले: मिथाइलफेनिडेट.

ते उत्तेजक औषध आहे हे ऐकून मी चकित झाले. आधीच उड्या मारणाऱ्या पोराला उत्तेजक? बाईंनी कागदावर चित्र काढून समजावले. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात ते डोपामिन, नॉरॲड्रेनलिन अशा रसायनांच्या हाती. निरोप दिला की पेशी ते रसायन परत शोषून घेते. हे औषध ते शोषणे काही तास रोखून धरते. मी ते माझ्या भाषेत समजून घेतले. खाचरातले पाणी बांधाच्या तोंडातून भराभर निघून जात असेल तर रोप तग धरत नाही. तोंड थोडे बुजवले की पाणी थांबते, आणि रोपही उभे राहते. पण ज्या खाचरात पाणी पुरेसे आहे त्याचे तोंड बुजवले तर? तर रोप कुजते. हे दुसरे वाक्य मला तेव्हाच सुचायला हवे होते. ते सुचले फार उशिरा.

औषधाबरोबर सूचनांची यादी मिळाली. गोळी सकाळी, न्याहारीनंतर, एकच. ती दिवसभर हळूहळू विरघळणारी, म्हणून चावायची नाही, फोडायची नाही. संध्याकाळी द्यायची नाही, नाहीतर झोप उडेल. भूक कमी होईल, म्हणून सकाळी गोळीआधी पोटभर खायला द्या आणि रात्री औषध उतरल्यावर पुन्हा द्या. पोट दुखेल, डोके दुखेल, संध्याकाळी चिडचिड होईल. बहुधा काही आठवड्यांत कमी होते. छातीत दुखले, चक्कर येऊन पडला, नसलेले काही दिसू वा ऐकू लागले, तर ताबडतोब घेऊन या. सर्दीखोकल्याचे औषधसुद्धा विचारल्याशिवाय देऊ नका, कारण काही औषधांनी रक्तदाब आणखी वाढतो. सुरू करण्याआधी बाईंनी विचारले होते: ह्याच्या हृदयाला जन्मतः काही दोष आहे का? घरात कोणी तरुणपणी हृदयाने अचानक गेले आहे का? काचबिंदू? आकडी? नाडी, रक्तदाब, उंची, वजन सगळे मोजून लिहून ठेवले. उंची-वजन दर खेपेला मोजायचे, कारण काही मुलांची वाढ ह्या औषधाने थोडी मंदावते.

तेव्हापासून आमच्या घराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा उमटू लागल्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आई बाळूला चौकटीला टेकवून उभा करते, डोक्यावर पट्टी ठेवते आणि रेघ मारते.

हे औषध आमच्याकडच्या दुकानांत मिळेना. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत ते आहे, त्यामुळे चिठ्ठीशिवाय कोणी देत नाही आणि सगळे दुकानदार ठेवतही नाहीत. महिन्याला एक चिठ्ठी, तीस गोळ्या. त्यासाठी आईचा एक दिवसाचा रोज बुडतो आणि कर्जतहून दोन तासांपेक्षा जास्त लोकलचा प्रवास होतो. पण बाळूत फरक पडला. सगळाच नाही, जादूसारखाही नाही. तरी तो बाकावर बसू लागला. पहिल्यांदा पूर्ण कविता लिहून आणली तेव्हा आईने ती वही देवाजवळ ठेवली.

आता माझ्याकडे येते.

गेल्या वर्षी माझा अर्थशास्त्राचा पेपर होता. अभ्यास झाला नव्हता. खरे सांगायचे तर लावणीच्या दिवसांत घरी काम होते, आणि काम नव्हते तेव्हा भीती होती. वर्गातल्या बऱ्याच मुलींच्या घरी कोणी ना कोणी शिकलेले. माझी पाटी पहिली. नापास झाले तर गावात लोक म्हणणार, 'बघा, पोरीला शिकवली!' त्या रात्री नऊ वाजता पुस्तक उघडले तर डोळे मिटू लागले. आई झोपली होती. बाबा गाडीवर होते. फडताळात बाळूचा डबा होता. मी मनाशी म्हटले, डॉक्टरांनी लहान पोराला दिलेले औषध, ते मला काय करणार? आणि एक गोळी घेतली.

तासाभराने झोप पळाली. आरंभी फार छान वाटले, हे लपवण्यात अर्थ नाही. आपण हुशार झालो असे वाटले. मी नोट्स लिहायला घेतल्या. मग त्याच नोट्स सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहिल्या. मग दोन रंगांनी अधोरेखित केल्या. पहाटे पाहिले तर पाचांपैकी एकच प्रकरण झाले होते! घाबरून मी पाच वाजता दुसरी गोळी घेतली. तोंडाला कोरड पडली होती. आईने भाकरी पुढे केली तर घास गिळवेना. गाडीत बसले तेव्हा हातांची बोटे गार पडलेली आणि छातीत कोणी उखळात कांडल्यासारखे ठोके. पळसदरीला गाडी थांबली तेव्हा वाटले, उतरावे आणि कुणाला तरी सांगावे. पण काय सांगायचे? चोरी केली म्हणून?

पेपरात पहिला प्रश्न येत होता. मी लिहीत सुटले. एका प्रश्नाला आठ पाने! समास नीट आखत होते, उदाहरणांमागे उदाहरणे देत होते, थांबावे हे सुचतच नव्हते. शेवटची घंटा झाली तेव्हा दोन प्रश्न कोरे होते. त्या पेपरात मला एटीकेटी लागली.

पुढे ग्रंथालयातल्या सरांच्या मदतीने मी ह्या विषयावर शोधून वाचले. २०२३ साली ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला आहे. चाळीस निरोगी तरुण माणसांना मिथाइलफेनिडेट आणि त्याच जातीची औषधे देऊन कोडी सोडवायला बसवले. कोडे असे: पिशवीत ठरावीक वजन मावते, तर जास्तीत जास्त मोलाच्या वस्तू कोणत्या भराव्यात? बाजारात आई रोज सोडवते तेच. औषध घेतल्यावर माणसांनी जास्त वेळ घेतला, जास्त वस्तू काढल्या-घातल्या. पण उत्तराकडे नेणाऱ्या हालचाली कमी झाल्या. कष्ट वाढले, कष्टांचा दर्जा घसरला. ते वाचताना मला माझी आठ पाने आठवली.

ह्या औषधाचा जन्मही मजेचा आहे. १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सीबा कंपनीत लेआंद्रो पानिझोन ह्या रसायनशास्त्रज्ञाने ते तयार केले. त्यांच्या पत्नीचा रक्तदाब कमी असे. टेनिस खेळण्याआधी त्या ते घेत. त्यांचे नाव मार्गरीट, लाडाने रीटा. त्यावरून औषधाचे नाव पडले रिटालिन. पण सगळ्या गोष्टी अशा गोड नाहीत. १९६७ साली टूर दि फ्रान्स ह्या सायकल शर्यतीत टॉम सिम्प्सन नावाचा इंग्रज खेळाडू भर उन्हात माँ व्हाँतूचा डोंगर चढताना कोसळला आणि गेला. त्याच्या शरीरात ॲम्फेटामिन सापडले. उत्तेजक औषध थकवा घालवत नाही, थकव्याची घंटा बंद करते. शरीर मात्र थकतच राहते.

आमच्या बाबांना हे पुस्तकाविना ठाऊक आहे. ते सोळाव्या वर्षी क्लीनर म्हणून गाडीवर चढले. द्रुतगती मार्ग व्हायचा होता, सगळी रहदारी जुन्या बोरघाटातून. त्यांचे उस्ताद जागरणाची कसलीशी गोळी खाऊन सलग तिसरी रात्र गाडी हाकत होते. उतारावर त्यांनी एकाएकी ब्रेक मारला. म्हणाले, समोर बाई उभी आहे. रस्ता मोकळा होता. मागच्या गाडीने ठोकले नाही, एवढेच नशीब. बाबा म्हणतात, "झोप उधार मिळते गो पोरी, पण सावकार सोडत नाय."

आणि हा सावकार आमच्या दारातही आला आहे. मेफेड्रोन हेही उत्तेजकच, पण ते कुठल्या डॉक्टराच्या चिठ्ठीवरचे नाही. २०१५ साली केंद्र सरकारने ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले. डिसेंबर २०२३ मध्ये ते बनवणारा कारखाना पोलिसांनी पकडला तो खोपोलीजवळ, आमच्याच खालापूर तालुक्यात! तेव्हा नाक्यावर सगळे बोलत होते, 'कोण असतील हे लोक?' मीही बोलले होते. फडताळाजवळ उभ्या असलेल्या त्या रात्रीच्या मुलीला मी त्या लोकांत धरत नाही. पण 'माझ्यासाठी नसलेली गोळी मी घेतली तर काय बिघडते' हा पहिला विचार कुठे सुरू होतो, ते मला आता ठाऊक आहे.

हिशेब अजून संपला नाही. महिनाअखेरीस दोन गोळ्या कमी पडल्या. पुढची तारीख दोन दिवसांनी. आईने डबा पुन्हा पुन्हा मोजला. बाळूला गोळी आवडत नसे, आरंभी त्याने एकदा ती मोरीत टाकली होती. आईने त्याचा दंड धरला. "कुठं टाकल्यास? खरा सांग."

"मी नाय टाकल्या."

आईने त्याच्या थोबाडीत मारली. मी तिथेच उभी होते. बोलले नाही.

ते दोन दिवस बाळू गोळीविना शाळेत गेला. दुसऱ्या दिवशी त्याने एका मुलाला ढकलले, त्या मुलाच्या कपाळाला खोक पडली, आणि सगळ्या शाळेसमोर बाळूला उभे केले. रात्री तो माझ्या शेजारी झोपायला आला. मी विचारले, "तुला राग आला आईचा?" तो म्हणाला, "ताई, मी पाहिला होता तुला. पण तुझी परीक्षा होती ना?"

दहा वर्षांचे पोर! ज्याला एक गोष्ट पाच मिनिटे लक्षात राहत नाही असे सगळे म्हणत, त्याने माझी चोरी तीन आठवडे जपून ठेवली होती. मार खाऊनही सांगितली नाही.

मी त्याच रात्री आईला उठवून सांगितले. आई काही बोलली नाही. उठून तिने बाळूच्या अंगावरचे पांघरूण सारखे केले आणि पुष्कळ वेळ बसून राहिली. ते मौन मला थोबाडीपेक्षा जास्त लागले. पुढच्या खेपेला मी डॉक्टरीणबाईंनाही सांगितले. त्या रागावल्या नाहीत. माझी नाडी पाहिली, रक्तदाब मोजला आणि म्हणाल्या, "औषध चांगले की वाईट, असा प्रश्नच नसतो. कोणाचे, किती आणि कोणी तपासून दिलेले, एवढाच प्रश्न असतो." मग त्यांनी यादीत दोन ओळी वाढवल्या: डबा कुलपात ठेवा, आणि गोळ्या दर आठवड्याला मोजा. आता डबा बाबांच्या पत्र्याच्या पेटीत असतो, किल्ली आईच्या गळ्यात. मोजायचे काम मात्र आईने मला दिले आहे. ही शिक्षा आहे की विश्वास, हे मी तिला विचारले नाही.

हे लिहू नये असे एका मैत्रिणीने सांगितले. बाळूला हसतील, तुलाही नावे ठेवतील. मी बाळूला विचारले. तो म्हणाला, "लिही, पण मी आता शहाणा झालोय ते पण लिही." तर तेही लिहिले. परीक्षेच्या दिवसांत आपल्या वसतिगृहातही कोणी कोणाची गोळी कोणाला देते, असे कानावर येते. देणाऱ्याला वाटते आपण मदत करतो. त्यांनी एवढेच लक्षात ठेवावे, की समोरच्याच्या हृदयाची, रक्तदाबाची, घरच्या आजारांची चौकशी तुम्ही केलेली नाही. आणि जी गोळी तुम्ही देता, ती कोणाच्या तरी डब्यातून कमी होते.

एटीकेटीचा पेपर मी सुटवला. आदल्या रात्री दहाला झोपले, सकाळी भाकरी खाल्ली, आणि सगळे प्रश्न थोडे थोडे लिहिले. गुण काही फार नाहीत.

परवा पहिला रविवार होता. आई कामावर गेली होती, म्हणून रेघ मी मारली. बाळू टाचा उचलत होता. मी त्याला दोनदा खाली दाबला. मागच्या रेघेपासून नवी रेघ जेमतेम अर्ध्या बोटाने वर गेली आहे. पण वर गेली आहे.