पंचमीला ढोकीला

गेल्या श्रावणात पंचमीसाठी अक्काला आणायला ढोकीला गेलो. अक्का माझी थोरली बहीण. लातूरहून गाडीत बसले की मुरूड मागे पडते आणि ढोकीचे स्टेशन येते. पूर्वी या मार्गावर बार्शी लाईटची अरुंद रुळांची गाडी होती. आता रूळ रुंद झाले, गाडी भरभर जाते. खिडकीतली काळी रानं मात्र तीच.

ढोकीचे नाव लांबवर गेले ते तेरणा साखर कारखान्यामुळे. पलीकडेच तेर, गोरोबाकाकांचे गाव. दोन हजार वर्षांपूर्वी तेच तगर नावाची मोठी पेठ होते आणि तिथला माल पार भडोचच्या बंदराकडे जाई. असा हा पेठेचा, उसाचा आणि धान्याचा मुलूख. जिथे धान्य तिथे उंदीर, आणि जिथे उंदीर तिथे धामण.

अक्काचे घर मळ्यातच आहे. हातपाय धुऊन चहाला बसलो, तर अक्का घुश्शातच.

"मी काय येत नाही बघ पंचमीला," ती म्हणाली. "तुझ्या भाच्यानं जित्राब कोंडून ठेवलंय घरात. ते उपाशी असताना मी वारुळाला कोणत्या तोंडानं जाऊ?"

भाचा नववीत शिकतो. त्याने मला गोठ्यामागच्या खोलीत नेले. लाकडी खोके, वर बारीक जाळी. आत चांगली सहा फुटी धामण वेटोळे घालून पडलेली. शेजारी वाटीत दूध, त्यावर मुंग्या. सोयाबीनच्या बांधावर ती सापडली, त्याला आठ दिवस झाले होते.

"मामा, दूध पीतच नाही. अन् आता आंधळी बी व्हायलीय. डोळे बघा कसे पांढरे झालेत."

मी वाकून पाहिले. डोळ्यांवर दुधाळ झाक आली होती, अंगाचा रंगही मळकट झाला होता. ती आंधळी होत नव्हती, कात टाकायला आली होती. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो. कात सुटण्याआधी तोही धूसर होतो आणि कातीबरोबर निघून जातो. त्या दिवसांत सापाला नीट दिसत नाही, म्हणून तो चिडका होतो आणि आडोसा शोधतो. अंग घासायला खडबडीत दगड आणि हवेत थोडी ओल मिळाली, तर कात मोज्यासारखी सबंध उतरते. कोरड्या खोक्यात ती तुकड्यातुकड्यांनी फाटते आणि डोळ्यावरचा खवला तसाच राहू शकतो. शिवाय जाळीला तोंड घासून घासून तिच्या नाकाचे कातडे सोलले होते. अशा जखमा चिघळतात आणि साप दगावतो.

"पण कात्रजला ठेवतातच की," भाचा म्हणाला. शाळेच्या सहलीत त्याने पुण्याचे सर्पोद्यान पाहिले होते.

त्याला ओसरीवर बसवून मी सारे सांगितले. कात्रजचे सर्पोद्यान १९८६ साली सुरू झाले. तिथे सरकारची परवानगी आहे, जनावरांचे डॉक्टर आहेत, रोज साफसफाई करणारी माणसे आहेत. कोंडलेल्या धामणीला ऊन हवे आणि सावलीही हवी, लपायला जागा हवी, अंग बुडेल एवढे पाणी हवे. दूध सापाचे अन्नच नव्हे, ते त्याला पचत नाही. तिचा आहार म्हणजे उंदीर, बेडूक, पाखरे. नवा धरलेला साप भेदरतो आणि पुढ्यात भक्ष्य असूनही तोंड लावत नाही. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे धामण घरी पाळणे हा गुन्हाच आहे, मग आपण कितीही मायेने पाळा.

"मी तर तिला जपायलोच होतो," तो पुटपुटला.

त्याच्या मायेबद्दल शंका नव्हती. गावात धामण दिसली की म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते म्हणून काठी उचलणारे आजही आहेत. शेपटीच्या फटक्याने माणूस वाळतो, असेही सांगतात. दोन्ही खोटे. धामण बिनविषारी आहे. भाच्याने तिला मारू दिले नाही, हे चांगलेच केले. पण हाताने धरली, ही मोठी चूक. घाईत नागाला धामण समजून हात घालणारे जिवाला मुकले आहेत. धामणीच्या ओठांवर काळ्या उभ्या रेघा असतात, डोळे मोठे असतात, अंगाच्या मागच्या भागावर काळे आडवे पट्टे असतात, आणि ती फणा काढत नाही. पण ही ओळख लांबूनच पटवायची. हात लावायचा नाही.

वनखात्याच्या १९२६ या नंबरावर आम्ही फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी वनखात्याचा माणूस आला. त्याने धामण तपासली, पोराला समज दिली आणि जिथे धरली होती त्याच बांधावर नेऊन पिशवीचे तोंड सोडले. ती क्षणभर थांबली आणि मग सळसळत दगडांच्या फटीत शिरली. पोराने डोळे पुसले. अक्काने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "आता चला, गाडीची वेळ झाली."

पंचमीला आमच्याकडे लाह्या झाल्या, दिंड झाले, झोके झाले. त्या दिवशी आपण नांगर धरत नाही, विळी लावत नाही, तवा ठेवत नाही. जमिनीतल्या जिवाला इजा होऊ नये, एवढाच त्यामागचा भाव. तो भाव वर्षभर बांधावर ठेवला, तर आणखी काही पाळायची गरज पडत नाही. बांधाचे गवत सरसकट पेटवू नये, दगडांचे ढिगारे थोडे तरी राहू द्यावेत, उंदरांसाठी विष टाकताना दहादा विचार करावा. विष खाल्लेला उंदीर धामणीच्या पोटात गेला तर तीही मरते.

आठवड्याने भाच्याचा फोन आला. त्याच बांधावर त्याला सबंध कात सापडली होती, डोळ्यांच्या खवल्यांसकट. तिचीच की दुसरीची, कोण सांगणार? पण "मामा, आपलीच हाय!" असे तो इतक्या जोरात ओरडला, की शेजारी बसलेल्या अक्कालाही ते ऐकू गेले.