कागद पुरात गेले

पुण्यात एखाद्या जुन्या वस्तूचे कागद सापडत नसले की कारण ठरलेलं असतं: पानशेत. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही गेलं, आणि नारायण, शनिवार, कसबा अशा नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं. खरेदीखतं, सोन्याच्या पावत्या, पत्रिका, मॅट्रिकची सर्टिफिकेटं, सगळ्याचा लगदा झाला. हे खरंच आहे, त्याची चेष्टा नाही. पण गेल्या साठ वर्षांत पुणेकरांनी त्या पुरात इतके कागद वाहून नेलेत की तेवढे मुळात होते का, असा संशय यावा. माझ्या चुलतभावाने, श्रीदादाने, मोटरसायकल घेतली तिचेही कागद तिथेच गेले होते.

दादा टेल्कोतून निवृत्त झाला. कंपनीचं नाव टाटा मोटर्स होऊन जमाना झाला, पण तिथे हयात घालवलेला माणूस टेल्कोच म्हणतो. नारायण पेठेतला एक वाडा बिल्डरला गेला, खोल्या रिकाम्या होत होत्या, आणि मागच्या अंगणातल्या लाकडाच्या वखारीतून, गोणपाटांखालून, एक बीएसए एम२० निघाली. वारसांना ती भंगारात घालायची होती. दादाने भंगारापेक्षा बऱ्यापैकी जास्त पैसे मोजले, कोऱ्या कागदावर सही घेतली, टेम्पोत घालून गाडी धायरीला आणली आणि मला फोन लावला. मला मोटरसायकलीतलं ओ की ठो कळत नाही. पण मी बर्मिंगहॅमला राहते, आणि बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स.

"तुझ्या गावची गाडी आहे गं. जरा कारखान्यात जाऊन विचार की, हिचा काही दाखला मिळतो का."

कारखाना कुठला आलाय! तो स्मॉल हीथमध्ये होता, आर्मरी रोडवर. १८६१ मध्ये इथल्या बंदूक बनवणाऱ्या कारागिरांनी एकत्र येऊन कंपनी काढली, म्हणून तिच्या बिल्ल्यावर एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका. मोटरसायकली पुढे आल्या. १९ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्ब पडले आणि पाळीवर असलेले ५३ कामगार गेले. त्यातून उठून कारखान्याने युद्धभर सैन्याला गाड्या पुरवल्या. एकट्या एम२० सव्वा लाखाच्या वर. शांततेच्या काळात मात्र कंपनी बुडाली आणि १९७७ मध्ये बहुतेक इमारती पाडल्या. आता तिथे कालवा आहे, गोदामं आहेत, आणि जवळच्या कॉव्हेंट्री रोडवर मीरपूरहून आलेल्यांची दुकानं. मी तिथे मेथी आणि हंगामात आंबे आणायला जाते. पाकिस्तानी आंबे, आणि ते चांगले असतात. हे पुण्यात बोलायची सोय नाही.

एम२० ही काही देखणी गाडी नाही. साइड व्हॉल्व्हचं पाचशे सीसीचं इंजिन, वजन भरपूर, वेग बेताचा. पण दुरुस्तीला सोपी आणि हट्टाने चालणारी, म्हणून निरोप्यांच्या हाती दिलेली. युद्ध संपल्यावर लष्कराचा माल डिस्पोजलमध्ये निघाला तेव्हा साहेबाच्या राज्यात जिथेजिथे छावण्या होत्या तिथेतिथे या गाड्या सामान्य माणसाला परवडू लागल्या. पुण्याला तर एका बाजूला कॅम्प, दुसऱ्या बाजूला खडकी. वखारीतली ही गाडी त्याच वाटेने पेठेत आली असणार.

आता कायदा. दादाने फोनवर तो मला इतक्या वेळा ऐकवलाय की मी परीक्षेला बसू शकेन. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी ही व्हिंटेज. अर्ज फॉर्म २० वर. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, पुढच्या नूतनीकरणाला पाच हजार. नोंदणी दहा वर्षांची. नव्याने नोंदली तर राज्याच्या अक्षरांपुढे व्हीए लागतं. आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो. रोजच्या वापराला किंवा धंद्याला गाडी काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यापुरतीच. सगळं शहाण्यासारखं आहे. फक्त अर्जासोबत काय जोडायचं तिथे दोनच दारं आहेत: गाडी परदेशातून आणली असेल तर बिल ऑफ एंट्री, भारतात नोंदलेली असेल तर जुनं आरसी बुक. जी गाडी सैन्याच्या जहाजातून आली आणि जिचं बुक हरवलंय, ती या दोन दारांच्या मधल्या भिंतीपाशी उभी.

अशा भिंतीपाशी एजंट भेटतोच. त्याने दादाला चहा पाजून तोडगा सांगितला. भंगारात गेलेल्या दुसऱ्या एका गाडीचं बुक त्याच्याकडे होतं; चेसिसवरचा आकडा घासायचा, त्या बुकातला पंच करायचा, महिन्याभरात काम फत्ते. अशा पंच केलेल्या गाड्या भारतभर दिमाखात फिरतात, रॅलीत बक्षिसंही घेतात. दादाने जन्मभर टेल्कोत आकडे तपासून सह्या केलेल्या. तो चहा अर्धा टाकून उठला.

इंग्लंडमध्ये हा घोळ कसा निस्तरतात, ते मला या निमित्ताने कळलं. आपल्याला वाटतं साहेबाकडे सगळं जागच्या जागी असणार. तसं काही नाही. इथे पूर्वी गाड्यांच्या नोंदी त्या त्या जिल्ह्याच्या कौन्सिलकडे असत, वह्यांमध्ये. सत्तरच्या दशकात सगळं वेल्समध्ये स्वॉन्झीला एका संगणकावर न्यायला सुरुवात झाली, आणि शेवटची तारीख पडली ३० नोव्हेंबर १९८३. ज्यांच्या गाड्या तोवर कोठारात धूळ खात होत्या त्यांचे नंबर गेले. काही कौन्सिलांनी जुन्या वह्या जपल्या, काहींनी फेकल्या. तेव्हा साठ-सत्तर वर्षं जुन्या गाडीचे कागद नसणं ही इथेही घरोघरची गोष्ट. गाडीची ओळख पटलीच नाही तर क्यू अक्षराची पाटी मिळते आणि ती लावायला लोक लाजतात.

पण इथली तोड वेगळी आहे. सरकारने हौशी लोकांचे क्लब यादीवर घेतलेत. क्लबातला जाणकार गाडी बघतो, आकडे ताडतो आणि ही अमुक सालची आहे असं लिहून देतो. ते स्वॉन्झी मानतं. जुन्या नंबरचा एखादा पुरावा हाती लागला तर तो नंबरही परत मागता येतो. कारखाने बुडाले तरी त्यांच्या डिस्पॅचच्या वह्या या लोकांनी सांभाळून ठेवल्या. व्हिंटेज मोटरसायकल क्लब तर १९४६ पासून आहे, म्हणजे आज ज्यांना आपण व्हिंटेज म्हणतो त्या नव्या होत्या तेव्हापासून. मला ही व्यवस्था मनापासून आवडली. सही-शिक्क्यापेक्षा ज्याने त्या वस्तूत आयुष्य घातलंय त्याच्या शब्दाला किंमत आहे. आपल्याकडे असं केलं तर पहिल्या आठवड्यात क्लबच विकायला निघेल, असं दादाचं मत. मला ते पटत नाही. कागद विकले जातात तेवढे म्हातारे विकले जाणार नाहीत.

तर मी अशाच एका क्लबच्या जाणकाराला पत्र लिहिलं. पंचाहत्तरीचे गृहस्थ, ईमेल वाचतात पण उत्तर टपालाने देतात. फी चेकने, सोबत तिकीट लावलेलं, आपलाच पत्ता घातलेलं पाकीट. त्यांना फोटो चालत नाही. आकड्याचा पेन्सिलने उतरवलेला ठसा हवा. हे ऐकून दादा खूश झाला. "अगं, आरटीओतही हेच मागतात. चेसिस प्रिंट!" त्याने हँडलखालच्या मानेवरचा रंग आणि चिखल रॉकेलने हळूहळू सोडवला, बटर पेपर ताणून धरला आणि मऊ पेन्सिल आडवी फिरवली. कुरिअरने आलेला तो कागद मी खिडकीशी धरून बघितला. करड्या पट्ट्यात पांढरी अक्षरं उमटलेली: डब्ल्यू, एम, मग वीस, मग पाच आकडे. डब्ल्यू म्हणजे वॉर, युद्धासाठी बनलेली. एक तीन जरा तिरका होता, ठोकणाऱ्याचा हात हलला असेल. दुसऱ्या कागदावर इंजिनाचा ठसा. दोन्ही आकड्यांत काही मेळ नव्हता.

असल्या ओळख पटवण्याची मला सवय आहे. इथे स्थायिक व्हायचा अर्ज केला तेव्हा पुणे महापालिकेचा माझा जन्मदाखला निघाला तो नावाशिवायचा. आईबापांची नावं, तारीख, आणि पुढे नुसतं 'स्त्री'. बारसं नंतर झालेलं, नोंद आधी. मग शाळा सोडल्याचा दाखला, मग ती ही नव्हे असं कुणी म्हणू नये म्हणून प्रतिज्ञापत्र. तेव्हा दादानेच पुण्यात चकरा मारल्या होत्या. त्यामुळे त्या पाकिटावर तिकीट चिकटवताना मी कुरकुर केली नाही.

उत्तर आलं. सांगाडा १९४३ च्या लष्करी कंत्राटातला, स्मॉल हीथहून सैन्याच्या डेपोकडे रवाना. इंजिन मात्र त्याआधीच्या कंत्राटातल्या दुसऱ्याच गाडीचं. खाली त्यांनी हाताने लिहिलं होतं की युद्धात हे नेहमीचंच. वर्कशॉपमध्ये दहा गाड्या उघडल्या की जे इंजिन आधी तयार होईल ते समोरच्या सांगाड्यात जाई. म्हणजे गाडीचं लग्न सैन्यानेच लावलं, आणि तेही ऐंशी वर्षांपूर्वी. पण आपला नियम म्हणतो, चेसिसमध्ये किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. आता मूळ रूप कोणतं धरायचं? कारखान्यातून निघालेलं, की ज्या रूपात ती युद्ध करून पुण्यात आली ते? मला विचाराल तर दुसरं. लष्करी गाडीच्या बाबतीत पहिल्याचा आग्रह धरला तर खऱ्याखुऱ्या गाड्या बाद होतील आणि पंच केलेल्या, आकडे जुळणाऱ्या पास होतील.

वर्षाचा प्रश्न सुटला, दाराचा नाही. तो सुटला पुढच्या फोर्कमुळे. फोर्कवर टॅक्स टोकनचा गोल डबा होता, गंजून काचेसकट घट्ट बसलेला. दादाने तो तेलात भिजत ठेवला आणि एका सकाळी उघडला. आत टोकन होतं. कडा गेलेल्या, शाई तपकिरी, पण नंबर पूर्ण वाचता येत होता आणि सालही: १९६४.

मला दोन मिनिटं कळलंच नाही तो एवढा का हसतोय. पूर १९६१ चा. त्यानंतर तीन वर्षांनीही कुणीतरी या गाडीचा कर भरला होता, म्हणजे बुक पुरात गेलंच नव्हतं, किंवा गेलं तरी दुसरं काढलं होतं. दादाने वारसांना फोन केला. पलीकडे बराच वेळ शांतता, मग थोरले म्हणाले, "असेल बुवा. आमच्याकडे सगळं पुरातच गेलं असं सांगायची पद्धत आहे."

तर दुसरं दार किलकिलं झालं. गाडी पुण्यात नोंदलेली होती, नंबर आहे, साल आहे. संगम पुलाजवळच्या आरटीओत एका बाईंनी दादाला नीट समजावून सांगितलं: जुन्या रजिस्टरमध्ये शोधासाठी अर्ज, नोंद मिळाली तर बॅकलॉग म्हणून ती संगणकावर, मग हरवल्याची पोलिसांतली नोंद जोडून फॉर्म २६ वर दुय्यम आरसी, मालक हयात नसल्याने फॉर्म ३१ वर वारसांच्या नावे, तिथून फॉर्म २९ आणि ३० वर दादाच्या नावे, गाडी चोरीची नाही याचा दाखला, आणि मग कुठे व्हिंटेजचा अर्ज. वारस तिघे. त्यांतला एक मेलबर्नला, त्याचं संमतिपत्र वकिलातीतून साक्षांकित होऊन यायचंय. मराठी घराचा एक वारस परदेशात असतोच. मी कोणत्या तोंडाने बोलणार?

इंजिनाच्या आकड्यावरून आमचं थोडं वाजलं. दादाच्या मित्रांचं म्हणणं, बर्मिंगहॅमचं पत्र जोडूच नये. आरटीओने विचारलं तर बघू. मी म्हटलं, पत्र जोड, दोन्ही आकडे लिही, आणि लष्करी वर्कशॉपचं कारण त्या गृहस्थांच्या शब्दांत मराठी भाषांतरासह दे. एजंटाचा चहा टाकून आलेल्या माणसाने आता लपवाछपवी कशाला करायची? दादा म्हणाला, तू तिकडे बसून सांगतेस. हे वाक्य मी तीस वर्षं ऐकतेय, बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण दुसऱ्या दिवशी त्याने भाषांतराचा मसुदा पाठवला, आणि 'कंत्राट' बरोबर की 'करार' असं विचारलं.

फाइल आत आहे. रजिस्टरमधली नोंद सापडली, मेलबर्नचं पाकीट निघालंय. तोवर गाडी रस्त्यावर आणायची नाही, हे दादा कटाक्षाने पाळतो. मात्र इंजिन जाम होऊ नये म्हणून दर रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये किक मारतो. गाडी एकदम चालू होत नाही. झाली की चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू जाते. सोसायटीच्या सेक्रेटरींनी लेखी तक्रार केली आहे, आणि दादाने तीही फाइलला लावली. त्याचं म्हणणं, गाडी चालू स्थितीत असल्याचा याहून चांगला पुरावा कोण देणार.