सांदणची घळई

'घळई' हा शब्द मी चौतीस वर्षं फळ्यावर लिहिला. 'नदीचे कार्य' हा धडा आला की खडूने दोन उभ्या रेघा मारायच्या, त्यांच्या तळाशी एक बारीकशी नागमोडी रेघ काढायची आणि मुलांना सांगायचं, "ही नदीची युवावस्था. या वयात उतार जास्त, वेग जास्त, म्हणून ती खाली खाली कापत जाते. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि मध्ये अरुंद पात्र, ही झाली घळई." मग प्रौढावस्था, मग वृद्धावस्था. विल्यम मॉरिस डेव्हिस या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही कल्पना मांडली. नंतरच्या अभ्यासकांनी तिच्यात पुष्कळ खोट काढली. पण नदीलाही माणसासारखं वय असतं म्हटलं की वर्गातली शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करतात, म्हणून आम्हा शिक्षकांना ती सोडवत नाही.

तर मंडळी, फळ्यावरच्या त्या दोन रेघांच्या मधून मी फेब्रुवारी 2025 मध्ये स्वतः चालत गेले. वय वर्षं बहात्तर. डोक्यावर लाल हेल्मेट, कमरेला पट्टे, आणि दोराला लटकलेली मी, असा फोटो नातीने घरच्या ग्रुपवर टाकला आणि एकच गहजब झाला. कोणी हात जोडले, कोणी कपाळाला हात लावला. "कशासाठी?" हा प्रश्न मात्र सगळ्यांचा. एकेकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा इथे एकदाच लिहिते.

आधी हा प्रकार काय ते सांगते. त्याला कॅनियनिंग म्हणतात. डोंगर चढायचा नाही, उलट नदीने कापलेल्या घळईत वरून शिरायचं आणि पाण्याच्याच वाटेने खाली उतरत जायचं. चालता येईल तिथे चालायचं, डोह आला की पाण्यातून जायचं, आणि पाणी जिथे उडी मारतं तिथे आपण दोरावरून उतरायचं. युरोपात हे बरंच जुनं आहे. फ्रान्समधली व्हेर्दों नदीची प्रचंड घळई मार्तेल नावाच्या संशोधकाने 1905 साली पहिल्यांदा पार केली. आपल्याकडे सह्याद्रीत अशा जागांना तोटा नाही. त्यातली सगळ्यात नावाजलेली म्हणजे सांदण दरी.

सांदण दरी पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. अकोले तालुक्यातलं साम्रद हे गाव, भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या पलीकडे, अगदी घाटमाथ्याच्या कडेला. एका बाजूला रतनगड, दुसऱ्या बाजूला अलंग-मदन-कुलंग. गावातून थोडं चाललं की सपाट जमिनीला एकदम चीर पडलेली दिसते. तिच्यात शिरायचं. लांबी साधारण दोन किलोमीटर, खोली दोन-तीनशे फूट, आणि काही ठिकाणी रुंदी इतकी कमी की दोन्ही हात पसरले तर दोन्ही कड्यांना लागतात. वर पाहिलं तर आकाशाची नुसती एक पट्टी.

इथे मला आमच्या ह्यांची आठवण येणं अपरिहार्य होतं. हे पाटबंधारे खात्यात होते. भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पुरं झालं, त्याच्या कालव्यांवर ह्यांनी उमेदीची वर्षं काढली. ते नेहमी सांगायचे, या माथ्यावर पाऊस पडतो तेव्हा थेंबाचं नशीब बोटभर अंतराने ठरतं. रतनगडाच्या अलीकडे पडला तर प्रवरा होऊन धरणात, तिथून ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्या नेवाशावरून गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. पलीकडे पडला तर कड्यावरून धाडकन कोकणात, अरबी समुद्राकडे. सांदणचं पाणी हे पलीकडचं. ह्यांना ती दरी खालपर्यंत उतरायची होती. राहून गेलं.

नात अशा सहलींना जाते. तिने विचारलं, "आजी, येतेस?" मी हो म्हणाले. सहल नेणाऱ्यांनी वय ऐकून आधी नाही म्हटलं, मग डॉक्टरांचं पत्र मागितलं. रोज पाच किलोमीटर चालते आणि गुडघे अजून माझं ऐकतात, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. (गुडघ्यांचं वाक्य माझं, सही त्यांची.) आम्ही एकूण बारा जण आणि बरोबर चार वाटाडे, त्यातले दोघे साम्रदचेच. दोघांचंही वय माझ्या शेवटच्या बॅचच्या मुलांहून कमीच असेल.

सकाळी आठला आत शिरलो. पहिली सूचना मिळाली ती पावसाची. फेब्रुवारीचं निरभ्र आकाश असूनही त्या मुलाने सांगितलं, "पावसाळ्यात इथं पाय टाकायचा नाही. पाऊस इथं पडायला लागत नाही, वर पठारावर पडला तरी सगळं पाणी याच वाटेनं येतं. आणि इथून बाजूला व्हायला जागा नाही." अगदी खरं. 27 जुलै 1999 रोजी स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळच्या साक्सेटबाख घळईत असंच झालं. वर वादळी पाऊस झाला, घळईत एकाएकी पाण्याचा लोंढा आला आणि 21 जण गेले. त्यात वाटाडेही होते. घळईत हुशारी असते ती कधी जायचं नाही हे कळण्यात.

थोडं गेल्यावर पहिला डोह. मांडीपर्यंत पाणी, पण उन्हाचा स्पर्श नसलेलं, त्यामुळे हाडापर्यंत गार. पुढचा डोह कमरेच्या वर. मुलांनी कड्याला धरून रांग केली आणि मला एकाकडून दुसऱ्याकडे असं पोचवलं. मला कड्यांकडे बघायचं होतं. बेसाल्टचा हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यावर पाण्याने गुळगुळीत केलेल्या खोबणी, तळाशी गोल खळगे. निघोजला कुकडीच्या पात्रात रांजणखळगे पाहिले असतील तुम्ही, त्याच घराण्यातले. असे खळगे होतात कसे, हे मी मुलांना प्रश्न म्हणून विचारत असे. उत्तर येई, "पाण्याने." मी म्हणे, अर्धंच बरोबर. नुसतं पाणी इतक्या कठीण खडकाला फारसं काही करू शकत नाही. पाण्याबरोबर जे दगडगोटे आणि वाळू गरगर फिरते, ती खडक झिजवते. म्हणजे ऐन तरुण नदीसुद्धा एकटीच्या जोरावर काही कापत नाही. बरोबर आलेल्यांच्या जोरावर कापते.

पुढे दरी एकदम तुटते. समोर पोकळी, खाली कोकण, आणि मध्ये पंचेचाळीसेक फुटांचा कातळ. बरेचसे लोक इथून मागे फिरतात. ज्यांना पुढे जायचंय त्यांना दोरावर उतरावं लागतं. एकदा सगळे उतरले की दोर खाली ओढून घेतात. मग परतीची वाट नाही, पुढेच जायचं. नातीने माझ्याकडे पाहिलं. "आजी, इथून परत जाता येईल, एक दादा सोबत येईल." मी म्हटलं, "बांध."

कमरेला आणि मांड्यांना पट्टे, पुढे धातूची कडी, कडीत आठाच्या आकाराचा तुकडा. त्यातून दोर फिरवलेला असतो, त्याच्या घर्षणाने वेग आवरतो. शिवाय सुरक्षेचा दुसरा दोर वर एका मुलाच्या हातात. सगळं नीट समजलं. शिकवायला सांगितलं असतं तर शिकवलंही असतं. पण कड्याच्या काठावर पाठ करून उभी राहिले आणि हातांनी कातळ घट्ट धरला तो सुटेना.

गंमत अशी की कातळाला बिलगलं की पाय सरकतात. मागे रेललं, सगळं वजन पट्ट्यावर टाकलं, तरच तळवे कातळावर सपाट बसतात आणि पाय धरतात. जिवाला जे सुरक्षित वाटतं तेच तिथे धोक्याचं. तो मुलगा माझ्या शेजारी उकिडवा बसला आणि अगदी हळू म्हणाला, "आजी, मागं बसा. खुर्चीत बसल्यावानी. अंग सैल सोडा."

आणि मला एकदम आमचं मधलं घर दिसलं.

ह्यांना 2019 मध्ये पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. पुढचं दीड वर्ष आमच्याकडे मदतीला एक मुलगा यायचा, रोज सकाळी ह्यांना पलंगावरून उचलून चाकाच्या खुर्चीत बसवायचा. तोही हेच म्हणायचा, "काका, सैल सोडा." हे सोडायचे नाहीत. डाव्या हाताने पलंगाची कड धरून ठेवायचे, अंग लाकडासारखं ताठ. मग तो मुलगा घामाघूम, हे संतापलेले, आणि मी दोघांच्या मध्ये. ज्या माणसाने आयुष्यभर धरणाच्या भिंतींवरून वाऱ्यापावसात फेऱ्या मारल्या, त्याला विशीतल्या पोराच्या हातात स्वतःला देणं जमलं नाही. ते 2021 च्या जानेवारीत गेले. शेवटच्या दिवसापर्यंत ती पलंगाची कड सुटली नव्हती.

तेव्हा मला वाटायचं, हा ह्यांचा हट्ट. कड्यावर उभं राहिल्यावर कळलं की तो हट्ट नव्हता. भीती होती, आणि अगदी साधी होती. जे हात आपण कधी अजमावले नाहीत, त्यांच्यावर अख्खं वजन कसं टाकायचं? ह्यांनी जन्मभर दुसऱ्यांना सांभाळलं होतं. सांभाळून घ्यायचा सराव त्यांना कोणी दिलाच नव्हता. आणि तो सराव करायची वेळ आली ती एकदम, आजारपणात, पलंगावर.

मी हात सोडले. मागे बसले. पट्टा आवळला गेला, आणि खरंच, पाय धरले गेले. मग एक पाऊल, मग दुसरं. मधे एकदा थांबून इकडेतिकडे बघितलंसुद्धा. खाली पोचल्यावर टाळ्या वाजल्या, फोटो निघाला. तोच तुम्ही पाहिलात.

पण फोटोत जे नाही ते जास्त अवघड होतं बरं का. त्यानंतर दोन लहान उतार दोरावरचे, ते काहीच नाही. खरा कस लागला तो त्यापुढच्या दगडांत. घरांएवढ्या धोंड्यांवरून चार तास उतरायचं, टाळ्या नाहीत की फोटो नाही. प्रत्येक चार पावलांवर कोणीतरी हात पुढे करायचं. पहिला अर्धा तास मी सवयीने "नको, नको, जमतंय" म्हणत होते. मग म्हणायचं बंद केलं आणि हात देत गेले. एक गोष्ट ध्यानात आली. मी हात दिला की त्या मुलाला एका पावलात मला उतरवता यायचं. नाही दिला की तो शेजारी अवघडून उभा, अर्धं लक्ष माझ्यावर, अर्धं स्वतःच्या पायांवर. मदत नाकारून मी त्याचं काम हलकं करत नव्हते, वाढवत होते. मधल्या घरात त्या घामाघूम मुलाचं जे व्हायचं तेच.

दिवस मावळताना डेहणे गावात पोचलो. शहापूर तालुका, म्हणजे ठाणे जिल्हा. सकाळी देशावर निघून संध्याकाळी कोकणात. एका घरी भाकरी, पिठलं आणि लाल मिरचीचा ठेचा जेवलो. मग जीपने आसनगाव. दोन दिवस जिना उतरताना मांड्या बोंबलत होत्या, ते खरं.

डेव्हिससाहेबांच्या म्हणण्याप्रमाणे मी आता तिसऱ्या अवस्थेत आहे. त्या वयात नदी काही कापत नाही, संथ होते आणि वाहून आणलेला गाळ जागोजाग ठेवत जाते. मीही माझा थोडा गाळ इथे ठेवते आहे, तो मुख्यतः एका व्यक्तीसाठी.

अक्का, तू वाचते आहेस हे मला ठाऊक आहे, कारण तुझी सून तुला मोठ्या अक्षरात लावून देते. तू ऐंशी पार केलीस. खुब्याचं ऑपरेशन होऊन सहा महिने झाले. डॉक्टरांनी वॉकर दिला, सून हात पुढे करते, आणि तू भिंत धरून एकटी न्हाणीघरात जातेस. का ते मला कळतं. चांगलंच कळतं. मी तुला धीट हो म्हणत नाही, तू माझ्याहून धीट आहेस. भिंत धरून पाय सरकतो, एवढंच सांगते. हे मी पंचेचाळीस फुटांवरून बघून आले आहे.

सरावाला आपल्या दोघींना अजून वेळ आहे. ह्यांना तो मिळाला नाही.

तेव्हा त्या वॉकरवर वाळत घातलेले पंचे आज काढ. आणि उद्या सकाळी सून हात पुढे करेल ना, तेव्हा नुसती बोटं टेकवू नकोस. वजन टाक.